फळीवरचं नाव

सोमवार, ३

आज जेवताना बाबांनी जाहीर केलं की दादा-वहिनीच्या बाळाचं नाव मी शोधून काढायचं.

आमच्या घरात कागद आला की तो रेडिओच्या फळीवर ठेवतात. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, दादाच्या गाडीचा विमा, एकदा तर खोकल्याची अख्खी बाटली, वरची सूचना वाचायला. मी संध्याकाळी कामावरून आले की फळी बघायची आणि काय करायचं ते सांगायचं. कॉलेजपर्यंत शिकलेली घरात मी एकटीच. आई अंगठा लावते, बाबांना गाद्यांची मापं लिहिण्यापुरतं येतं, दादाला पाट्या वाचता येतात आणि वहिनी तिसरीपर्यंत गेली आहे.

"वकीलसाहेब," बाबा मला नेहमीच्या थट्टेने म्हणाले, "फळीवर एक काम ठेवलंय." आणि बोट दाखवलं ते वहिनीच्या मांडीवरच्या बाळाकडे. "सगळ्यांच्यात नसेल असं नाव काढा. पण उगाच जिभेचा व्यायाम नको."

"मॅडमना विचारल्याशिवाय आपण शिंकतो तरी का?" दादा म्हणाला.

मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "ताई ठरवतील ते चांगलंच असेल." ऐकून हायसं वाटलं. नाहीतर उगाच दोन तट पडले असते.

जन्माची नोंद झाली आहे, नावाची जागा रिकामी आहे. दादाला एकवीस तारखेला सुट्टी आहे, तेव्हा कचेरीत जाऊन ती भरायची. म्हणजे वेळ आहे. तरी हे काम बिलासारखं नाही. बिल चुकलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्त होतं. नाव चुकलं तर ते एक माणूस जन्मभर घेऊन फिरणार.

मंगळवार, ४

शाळेत माझ्या वर्गात माझ्याच नावाच्या पाच जणी होत्या. बाईंनी सोय म्हणून आम्हाला नंबर दिले. मी तीन नंबर. पुढे कॉलेजात कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळायचेच नाही, वाटायचं दुसरी कुणीतरी असेल. तेव्हा बाबांचं ‘सगळ्यांच्यात नसेल असं’ मला पटतं.

पण फार वेगळंही नको. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रोज शंभरेक नावं माझ्या तोंडून जातात. पेशंटला हाक मारायची, बाकावर बसवायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचं, हे माझं काम. कुठलं नाव हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतं आणि कुठलं मधेच पडतं, ते मला कळतं. काही मुली स्वतःचं नाव सांगतानाच ओशाळतात. तसं होता कामा नये.

म्हणून ठरवलंय, जे नाव सुचेल ते संध्याकाळी हॉल रिकामा झाला की मोठ्याने हाक मारून बघायचं. मग तेच नाव रागावून म्हणून बघायचं. मूल आहे म्हटल्यावर रागवावं लागणारच.

आज ‘त्विषा’ अशी हाक मारून पाहिली. अर्थ तेज. हॉलमध्ये बरं वाटलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "हे नाव आहे की शिंक?"

शुक्रवार, ७

चष्म्याच्या काऊंटरवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "कियारा ठेव." मी म्हटलं, फार झाल्यात. ते म्हणाले, "हो, या महिन्यात चार. त्यातल्या दोघींचा नंबरसुद्धा सारखाच."

घरात बाळाला प्रत्येकाची वेगळी हाक आहे. बाबा ‘छोटे सरकार’ म्हणतात, आई ‘चिमणे’, दादा ‘बॉस’. वहिनी काहीच म्हणत नाही. नुसतं बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि ओठ हलवते. झोप होत नसेल तिची. मी आईला सांगितलं, रात्रीचं बाळ थोडा वेळ आपण घेऊ.

आज दुपट्यांच्या घड्या घालताना वहिनी म्हणाली, "ताई, हौसा असं नाव असतं का हो?"

मी म्हटलं, "असतं. पण म्हाताऱ्या बायकांचं. आता कोणी ठेवत नाही."

"हो ना," ती म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची सवय, तिला कोपरा जरा तिरका चालत नाही.

रविवार, ९

‘सौदामिनी’. अर्थ वीज. मला फार आवडलं. भारदस्त आहे, जुनं आहे पण गंजलेलं नाही. घरी सांगितलं. बाबा दोनदा म्हणून बघत होते आणि दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी निघालं. दादा म्हणाला, "विजेचं बिल कमी येणार असेल तर ठेवू."

वहिनीला विचारलं. ती बाळाच्या मानेकडे बघून म्हणाली, "कॉलर मोठी झाली, ताई. गळा बारीक आहे." आणि पटकन जीभ चावली. "तसं नाही, छानच आहे. मला काय कळतंय."

सगळे हसले. मीही हसले. पण तिचं म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे, लांबीचा विचार करायला हवा.

मग सहज विचारलं की तुझं नाव कोणी ठेवलं होतं. माहिती म्हणून. लोक नाव कसं ठेवतात ते मला समजून घ्यायचं होतं.

"कोणी नाही ठेवलं," वहिनी म्हणाली. "राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"चौथी मुलगी. धाकटी धाकटी म्हणत होते, तेच चिकटलं. शाळेत घालायच्या वेळी मास्तरांनी विचारलं, तेव्हा वडील म्हणाले तुम्हीच काहीतरी लिहा. त्यांनी लिहिलं." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. नंतर बाळ रडायला लागलं म्हणून उठली.

मला वाईट वाटलं. असं या मुलीचं होणार नाही. तिच्या नावासाठी कोणीतरी नीट बसून विचार करतंय.

बुधवार, १२

आज माझ्या हातून फार मोठी चूक झाली. जसं झालं तसं लिहिते.

शेवटचा पेशंट आत गेला. हॉल रिकामा आहे असं समजून मी टेबलाजवळ उभी राहून हाक मारली, "सौदामिनी!" म्हटलं, एकदा शेवटचं बघावं.

खांबामागून एक बाई उठल्या. साठीच्या पुढच्या, हातात पिशवी. म्हणाल्या, "आले, आले."

मला एकच वाटलं, या बाई दुपारपासून बसल्या आहेत आणि मी यांचं नाव गाळलं. मी दहा वेळा माफी मागितली, त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि रोजच्या सवयीने दोन्ही डोळ्यांत बुबुळ मोठं करायचे थेंब टाकले. त्याही बिचाऱ्या मान वर करून बसल्या.

डॉक्टर आले. "यांना थेंब कशाला? या तर तयार चष्मा न्यायला आल्यात. काका आत फ्रेम शोधतायत म्हणून बसल्या होत्या."

मी म्हटलं, "हाक मारली तर उठल्या."

"यांची हाक तू मारलीसच का?"

खरं कारण डॉक्टरांना कसं सांगणार? ते ओरडले नाहीत. म्हणाले, "चार-पाच तासांत उतरेल. यांना आता धड दिसणार नाही. तू स्वतः घरी सोडून ये." ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांचा हात धरून निघाले. रस्त्यावरचे दिवे त्यांना सहन होत नव्हते, म्हणून त्यांनी नवा चष्मा पिशवीत ठेवून डोळे मिटूनच घेतले. मी पायऱ्या सांगत होते. वाटेत मी सगळं कबूल केलं, बाळाचं, नावाचं, हॉलमध्ये हाका मारायचं.

त्या इतक्या हसल्या की थांबावं लागलं. "म्हणजे मी तुझ्या भाचीच्या नावावर थेंब घालून घेतले!"

"तुम्हाला हे नाव घेऊन जगताना त्रास झाला का?" मी विचारलं. चूक झालीच होती, निदान माहिती तरी मिळावी.

"त्रास कसला? नाव चांगलंच आहे. वडील ज्यांच्या गोदामात होते त्या मालकांनी ठेवलं. शिकलेला माणूस. वडिलांना केवढा अभिमान!" मग म्हणाल्या, "आईला तेवढं ते जमलं नाही. ती मला कायम ‘अगं’ म्हणायची. जाईपर्यंत अगंच. शाळेत, कचेरीत सगळ्यांनी मला नावाने हाक मारली, फक्त तिने नाही."

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. सून बाहेर आली, तिचीही माफी मागितली.

गुरुवार, १३

सौदामिनी रद्द. कालच्या बाईंच्या बोलण्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. नाव आईला म्हणता आलं पाहिजे. हे मला आधी कसं सुचलं नाही?

शनिवार, १५

सापडलं.

‘शाल्मली’. शाल्मली म्हणजे सावरीचं झाड, ज्याच्या शेंगांमधून मऊ कापूस निघतो. बाबा त्याच कापसाच्या उशा करतात. हॉलमध्ये हाक मारली (आधी खांबामागे जाऊन बघून आले), शेवटच्या बाकापर्यंत पोचली. रागावूनही म्हणून पाहिलं. ओळखीच्यांत कोणीच नाही या नावाचं.

घरी बाबांना अर्थ सांगितला तर ते हातातलं काम ठेवून उभेच राहिले. "आमच्या कापसाचं असलं नाव असतं? पुस्तकात?" मग शेजारच्या गादीवाल्याला सांगायला गेले. आई म्हणाली, "हे बरंय. शिंक नाही येत."

वहिनीला मी मुद्दाम पाच वेळा म्हणायला लावलं. पाचही वेळा स्वच्छ म्हणाली. म्हणजे तीही अडचण नाही.

"आवडलं ना?" मी विचारलं.

"छान आहे." मग थोड्या वेळाने, "ताई, एकदा लिहिलं की नाव बदलता येतं का?"

मी समजावलं की येतं, पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, बऱ्याच खेपा. म्हणून आधीच नीट ठरवलेलं बरं. ती "हो, हो" म्हणाली. तिचा हा सावध स्वभाव मला आवडतो. घरात माझ्यासारखी आणखी एक आहे असं वाटतं.

बऱ्याच दिवसांनी आज शांत झोप लागेल.

रविवार, १६

सकाळी वहिनी आंघोळीला गेली होती आणि बाळ माझ्याकडे. ते रडायला लागलं. मी खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या, "शाल्मली, शाल्मली" म्हणत राहिले. सवय व्हावी म्हणून. रडणं वाढतच गेलं. बाबा चहा पीत होते, दादा बूट पुसत होता, आई म्हणाली, "दे इकडे, तुझ्याच्याने नाही व्हायचं."

तेवढ्यात मोरीतून, नळाच्या आवाजावरून वहिनी ओरडली, "आले गं हौसा, आले! अंगाला साबण आहे, दम धर की जरा!"

बाळ गप्प झालं. नळही बंद झाला.

"कोणाला म्हणाली ही?" आईने विचारलं.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली. बाळाला माझ्याकडून घेतलं. "तोंडातून गेलं," ती म्हणाली. "सवय लागली."

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासून."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"फळीवरचं काम तुमचं थोडंच आहे," वहिनी म्हणाली. दादा बूट पुसायला लागला. पुसलेलाच पुन्हा.

माझे कान तापले. सात तारखेचं पान उघडून बघायची गरज नव्हती. ‘म्हाताऱ्या बायकांचं’ असं मी म्हटलं होतं, आणि वर तिच्या दुपट्याच्या घडीबद्दल लिहिलं होतं.

वहिनीनेच तोडगा काढला. "ताई, बाहेर शाल्मलीच ठेवा. बाबांनी सगळ्यांना सांगितलंय. घरात माझी हाक असू दे. कोणाला कळणारही नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. दोघींचं मन राहिलं, असं मला वाटलं. वाद झाला नाही, हे चांगलंच झालं.

मंगळवार, १८

चांगलं झालेलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच.

आज त्या चष्म्याच्या बाई आल्या होत्या, फ्रेम घट्ट करून घ्यायला. मला बघून लांबूनच ओरडल्या, "थेंब नकोत गं बाई!" सगळा हॉल हसला. मी हसले आणि तेवढ्यात लक्षात आलं की आम्ही नेमकं तेच करतोय. बाहेर शिकलेल्या माणसाने ठेवलेलं नाव. आत आईची एक चोरटी हाक, कोणाला कळू नये अशी.

त्यांनी मला त्या दिवशीच सांगितलं होतं. मी त्यातून उच्चाराचा धडा घेऊन आले.

खरं लिहायचं तर मला शाल्मली सोडवत नाहीये. ते नाव चांगलं आहे. मी शोधलंय. आणि हौसा म्हटलं की मला अजूनही पुढे ‘बाई’ लावावंसं वाटतं. शाळेत मुली हसतील का? हसतील कदाचित. तीन नंबरलाही हसायच्याच.

घरी आल्यावर वहिनीला गाठलं. ती खिडकीशी बाळाच्या झबल्याची शिवण उसवत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी पंधरा दिवस सगळ्यांना विचारलं. चष्म्याच्या काकांनासुद्धा. तुला, कुठलं हवंय, असं विचारलंच नाही. आता विचारते."

तिने एक दोरा ओढून काढला. "तुम्ही एवढी मेहनत घेतली."

"ते सोड."

"मला वाटलं, नाव शिकलेल्यांनीच ठेवायचं असतं. माझंही मास्तरांनीच ठेवलं की." मग खाली बघूनच म्हणाली, "हिला बघितलं ना ताई, तेव्हा पहिलं हेच आलं. हौसेने आणलीय, म्हणून हौसा. कोणी विचारलं तर तिला सांगता येईल. मला कोणी विचारलं तर मला काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, "मग हेच."

"आणि बाबा?"

बाबांना मी सांगितलं. ते गादीला टाके घालत होते. सुई थांबली. "मग आमच्या सावरीचं काय? मी अर्ध्या बाजाराला सांगून बसलोय." रुसलेच. वहिनी दारातून म्हणाली, "बाबा, उशी सावरीची करा तिला. नावावर काय झोपता येतंय?" बाबांनी वर पाहिलं नाही, पण सुई पुन्हा चालू झाली.

दादा म्हणाला, "कोणी ठेवत नाही असंच नाव हवं होतं ना मॅडमना? मग?"

हे मात्र खरं आहे. माझ्या सगळ्या अटींत ते बसतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल का एवढंच बघायचं राहिलंय, आणि मोरीतून नळाच्या आवाजावरून ते पोचलं होतं.

शुक्रवार, २१

कचेरीत गेलो. लांब खोली, एक पंखा, काचेमागे कारकून. दादा, वहिनी, बाळ, मी. ओळ आमच्यापर्यंत आली.

"मुलीचं नाव?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. वहिनीनेही. माझं तोंड सवयीने उघडलं होतं, मी ते मिटलं आणि म्हटलं, "आई इथेच आहे, तिला विचारा."

वहिनी काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने, बाई."

"हौसा!" वहिनी म्हणाली. इतकं मोठ्याने की ओळीतले सगळे वळले आणि बाळ दचकून हातपाय झाडायला लागलं.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "माझी एक चुलत आजी होती या नावाची. बरीच वर्षं झाली, कोणी लिहायला सांगितलं नाही." आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर दादाने मिळालेला कागद नेहमीसारखा माझ्याकडे दिला. मी तो वहिनीकडे दिला. तिने एक-एक अक्षर लावत वाचला, मग घडी घातली. कोपऱ्याला कोपरा.

मला थोडं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. माझं एकही नाव उपयोगी पडलं नाही.

शनिवार, २२

संध्याकाळी सगळे गेल्यावर हॉलमध्ये थांबले. खांबामागे जाऊन बघितलं. बाकाखालीही बघितलं, कशाला ते माहीत नाही.

मग टेबलाजवळ उभी राहिले आणि हाक मारली, "हौसा!"

शेवटच्या बाकापर्यंत पोचली. कोणी उठलं नाही.